आत्मपरीक्षणाची वही: काय लिहायचं, काय विचारायचं, कुठे थांबायचं

रोज स्वतःकडे वळून पाहा, असा सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही. पण वही उघडून, पेन हातात घेऊन नेमकं करायचं काय, इथे बहुतेकांचं घोडं अडतं. मग पहिल्या दिवशी ‘आज दिवस बरा गेला’, दुसऱ्या दिवशी ‘मीटिंगमध्ये उगाच चिडचिड झाली, संयम वाढवायला हवा’ आणि आठवडा संपायच्या आत वही कपाटात.

यात आळसाचा दोष कमी, पद्धतीचा जास्त. ‘उगाच चिडचिड झाली’ हा निकाल आहे, आणि निकाल लागला की खटला संपतो. पुढे तपासण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकच गोष्ट घट्ट धरावी: आधी घडलं ते लिहायचं, मत नंतर. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

याचा खरंच उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे. अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात, पण तीच चूक दरवर्षी अधिक सफाईने करणारे अनुभवी लोकही सगळ्यांच्या पाहण्यात असतात. स्कॉट टॅनेनबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली, काम झाल्यावर त्याचा पद्धतशीर आढावा घेण्याबद्दलचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. असा आढावा घेणाऱ्यांची कामगिरी न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी सरस निघाली. एकट्याने वहीत लिहिण्याला हा आकडा जसाच्या तसा लावू नये. त्यातले बरेच आढावे गटात, ठरलेल्या चौकटीत घेतलेले होते. पण चौकट असली की फरक पडतो, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

पहिली पायरी: वेळ ठरवा, पण छोटी

दहा मिनिटं पुरे. अर्धा तास ठरवाल तर धावपळीच्या दिवशी वही उघडणारच नाही, आणि लिहिण्याजोगं जे घडतं ते नेमकं धावपळीच्याच दिवशी घडतं.

‘रात्री कधीतरी’ असं ठरवू नका. रोज न चुकता होणारं एखादं काम निवडा आणि वही त्याला जोडा: काम संपवून कॉम्प्युटर बंद केल्यावर, जेवणाआधी, मुलं झोपल्यावर. अंथरुणात पडून लिहिणं मी टाळायला सांगेन, कारण तिथे प्रसंग आठवायला घेतला की तो झोपेच्या आड येतो. वही कागदाची की मोबाइलमधली, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मोबाइल उघडल्यावर तुम्ही इतर दोन ठिकाणी डोकावून येत असाल तर कागद घ्या.

सवय एकवीस दिवसांत लागते, हे ठिकठिकाणी वाचायला मिळतं. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. एखादी साधी कृती आपोआप होऊ लागायला त्यात सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा एक दिवस राहिला म्हणून हळहळत बसू नका.

दुसरी पायरी: एकच प्रसंग, जसा घडला तसा

अख्खा दिवस लिहायचा नाही. दिवसातला एक प्रसंग निवडा: जिथे तुमचा अंदाज चुकला, जिथे तुम्ही काहीतरी बोलायचं टाळलं, जिथे अंगात एकदम गरमी चढली, किंवा जिथे एखादी गोष्ट अनपेक्षितपणे छान जमली. हा शेवटचा प्रकार लोक विसरतात. जमलेलं का जमलं हे कळलं नाही, तर ते पुन्हा जमवता येत नाही.

आता तो प्रसंग असा लिहा, की तिथे एखादा कॅमेरा लावलेला असता तर त्यात काय दिसलं आणि ऐकू आलं असतं. समजा, एका टीमच्या प्रमुखाची ही नोंद आहे:

‘आजची मीटिंग वाईट झाली. कुणालाच कामाचं पडलेलं नाही. मलाही उगाच राग आला. शांत राहायला शिकलं पाहिजे.’

आणि तोच प्रसंग पुन्हा लिहिला तर:

‘अकराची मीटिंग, सहा जण. विषय: काम कोणत्या तारखेला द्यायचं. सर्वांत नवी सहकारी चाचणीला किती वेळ लागेल ते सांगत होती. तिचं दुसरं वाक्य संपायच्या आत मी म्हटलं, “ते नंतर बघू, आधी तारीख सांगा.” त्यानंतर ती काही बोलली नाही. तारीख शेवटी मीच सांगितली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीटिंग ठरल्यापेक्षा वीस मिनिटं लवकर संपली. मला घाई होती. दुपारी वरिष्ठांना तारीख कळवायची होती. बोलताना आवाज चढलेला मला जाणवत होता.’

दुसरी नोंद लिहायला चार मिनिटं जास्त लागतात. पण ती वाचून पाहा. पहिल्या नोंदीत ‘कुणालाच कामाचं पडलेलं नाही’ असं म्हटलं होतं. दुसरीत दिसतं की एक जण कामाचंच बोलत होती आणि तिचं बोलणं मध्येच तोडलं गेलं. माना डोलावणं म्हणजे होकार, असं गृहीत धरलं गेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाचणीला किती वेळ लागणार, हे प्रमुखाला अजूनही माहीत नाही. तारीख मात्र वर कळवून झाली आहे. पहिल्या नोंदीतून निघालेला उपाय होता ‘शांत राहा’. दुसरीतून निघतो: उद्या सकाळी तिला गाठून चाचणीचं विचारा आणि गरज पडली तर तारीख बदला. रागाचा प्रश्न उरतोच, पण आता तो दुसऱ्या क्रमांकावर गेला आहे.

भावना लिहायच्या नाहीत असं नाही. घाई होती, भीती वाटली, हेवा वाटला, हेही घडलेलंच आहे. ते तेवढ्याच सरळपणे लिहा. लिहायचे नाहीत ते शिक्के: बेजबाबदार, आळशी, हेकट. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘कुणालाच’ हे शब्द दिसले की तिथे पेन थांबवा आणि नेमकं कधी, नेमकं कोण, ते लिहा.

तिसरी पायरी: चार प्रश्न

अमेरिकी लष्करात १९७० च्या दशकात सराव संपल्यावर आढावा घेण्याची एक पद्धत रुजली. पुढे ती कारखाने, रुग्णालयं, अग्निशमन दलं अशी सगळीकडे पसरली. तिचा गाभा चार प्रश्नांचा आहे. काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? दोन्हींत फरक का पडला? पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आधीच लिहिलेलं आहे. पहिला प्रश्न बहुतेक जण उडी मारून पुढे जातात, आणि माझ्या मते चारांत मोलाचा तोच आहे. मीटिंगमधून काय हवं होतं? तारीख, की सगळ्यांना झेपेल अशी तारीख? हे आधी मनाशी स्पष्ट नसेल तर मीटिंग चांगली झाली की वाईट, हे ठरवायचं कशावरून?

‘फरक का पडला’ याचं उत्तर देताना आधी स्वतःचा वाटा लिहा, मग परिस्थितीचा, मग इतरांचा. क्रम उलटा केलात तर स्वतःपर्यंत पोहोचायच्या आत दहा मिनिटं संपतात.

चौथी पायरी: ‘पुढच्या वेळी’ला तारीख आणि जागा द्या

‘यापुढे जास्त ऐकून घेईन’ हा संकल्प फार तर दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत टिकतो. पेटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की ‘अमुक झालं, तर मी तमुक करेन’ अशा घडणीत ठरवलेली गोष्ट पार पडण्याची शक्यता नुसत्या इच्छेपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून असं लिहा: ‘कुणी बोलत असताना मला मध्ये बोलावंसं वाटलं, तर मी ते समोरच्या कागदावर टिपेन आणि त्यांचं वाक्य संपू देईन.’ असं एकच वाक्य, एका वेळी. चार लिहिलीत तर ऐन वेळी एकही आठवणार नाही.

चिंतन कुठे संपतं आणि चर्वितचर्वण कुठे सुरू होतं

ही पायरी नाही, इशारा आहे, आणि तो जरा सविस्तर द्यायला हवा. स्वतःबद्दल विचार करणारी सगळी माणसं सुखी किंवा शहाणी होत नाहीत. पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी १९९९ साली स्वतःकडे लक्ष देण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: एक कुतूहलातून येणारा, दुसरा भीती, खंत आणि अपमानातून येणारा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारावर सुझन नोलन-होक्सेमा यांनी आयुष्यभर काम केलं. तेच ते मनात घोळवत राहिल्याने उदासी लांबते आणि अडचण सोडवण्याची ताकद कमी होते, असं त्यांच्या संशोधनातून पुढे आलं.

ओळखायचं कसं? दहा मिनिटांनी पानावर पाहा. काही नवा तपशील आला का, जो सुरुवातीला आठवत नव्हता? पुढचं एखादं पाऊल निघालं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल आणि ‘मी असाच का आहे’ हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत तीनदा येऊन गेलं असेल, तर वही मिटा. उठून दुसरं काहीतरी करा. आणखी खोल जाऊन उत्तर मिळेल असं वाटतं, पण अशा वेळी ते मिळत नाही.

‘का’ ऐवजी ‘काय’ विचारल्याने बरीच मदत होते. ‘मला त्याचा इतका राग का येतो?’ या प्रश्नाला मन एखादी पटेलशी गोष्ट रचून देतं. ‘राग आला त्याच्या लगेच आधी काय झालं होतं?’ याला तपशील द्यावा लागतो.

दुसरा उपाय सुरुवातीला विचित्र वाटेल: स्वतःबद्दल नावाने लिहा, जणू एखाद्या स्नेह्याबद्दल लिहीत आहात. इगॉर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी २०१४ साली केलेल्या प्रयोगांत, जोडीदाराने फसवल्याच्या प्रसंगावर लोकांना विचार करायला सांगितलं. प्रसंग मित्रावर आला आहे अशी कल्पना केली तेव्हा त्यांचा विचार अधिक समंजस होता. स्वतःवर आला आहे म्हटल्यावर तो तोकडा पडला. पण स्वतःकडे त्रयस्थासारखं पाहायला सांगितल्यावर हा फरक मिटला. आपला सल्ला इतरांना उपयोगी पडतो आणि स्वतःच्या वेळी कुठे जातो, याचं कोडं त्याने थोडंफार सुटतं.

आणि जे ओझं या वहीने पेलणारं नाही ते तिच्यावर टाकू नका. जवळच्या माणसाचा मृत्यू, अत्याचार, आठवडेच्या आठवडे झोप न येणं, जगू नये असं वाटणं, यांसाठी डॉक्टर आणि समुपदेशक आहेत. लिहिणं त्यांची जागा घेऊ शकत नाही.

पाचवी पायरी: निर्णयांसाठी वेगळी पानं

महिना-दोन महिने रोजची नोंद जमली की हे सुरू करा. नेतृत्वाच्या दृष्टीने मला सगळ्यात परिणामकारक वाटणारी सवय हीच.

बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७२ साली एक साधा प्रयोग केला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. तिथे काय काय घडण्याची किती शक्यता आहे, याचे अंदाज त्यांनी लोकांकडून आधीच घेतले. दौरे झाल्यावर त्याच लोकांना विचारलं, तुमचा अंदाज काय होता? जे घडलं त्याचा अंदाज आपण होता त्यापेक्षा जास्त बरोबर वर्तवला होता, असं लोकांना आठवू लागलं. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. निकाल कळल्यावर आठवणच बदलते, म्हणून ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ या वाक्यावर, विशेषतः स्वतःच्या, विश्वास ठेवायचा नसतो.

यावर पीटर ड्रकर या व्यवस्थापनतज्ज्ञांचा उपाय साधा होता आणि ते तो स्वतः वर्षानुवर्षं वापरत: महत्त्वाचा निर्णय घेतला की काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं, आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहायचं. नवख्याने इतकं थांबण्याची गरज नाही. कुणाला नवी जबाबदारी दिली, एखादं काम नाकारलं, एखादी तारीख कबूल केली, अशा निर्णयांचा निकाल दोन-तीन महिन्यांत कळतो.

पानावर एवढं असू द्या: निर्णय काय, तेव्हा कोणते पर्याय समोर होते, हाच का निवडला, काय होईल असं वाटतं आणि ते किती खात्रीने (टक्क्यांत लिहा, ‘बहुतेक’ असं लिहू नका), कोणती माहिती हवी होती पण मिळाली नाही, त्या वेळी मनःस्थिती कशी होती. आणि पुन्हा उघडायची तारीख. ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्येही टाका, नाहीतर पान तसंच राहील.

उघडाल तेव्हा निकाल आणि निर्णय वेगवेगळे तपासा. विचारपूर्वक घेतलेला निर्णयही दुर्दैवाने फसतो आणि बेफिकिरीने घेतलेला कधीकधी नशिबाने फळतो. फळलेल्या बेफिकिरीचं कौतुक झालं की तीच पुढच्या वेळची पद्धत बनते. प्रमुखाच्या बाबतीत हा धोका मोठा, कारण त्याची पद्धत सगळी टीम उचलते.

सहावी पायरी: आठवड्यातून एकदा नुसतं वाचा

त्या दिवशी नवीन काही लिहायचं नाही. आठवड्याची पानं सलग वाचायची आणि दोनदा-तीनदा आलेल्या गोष्टीखाली रेघ ओढायची: तोच माणूस, तीच वेळ, तोच प्रकार. घाईत घेतलेले निर्णय सगळे दुपारचे निघाले, तर तो स्वभावदोष नसून दिवसाच्या आखणीचा दोष असू शकतो.

बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुणांची यादी करून एका छोट्या वहीत तक्ते आखले होते. रोज संध्याकाळी चुकीपुढे काळा ठिपका. पण नेट लावायचा तो एका आठवड्यात एकाच सद्गुणावर. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. ‘सुव्यवस्था’ हा गुण आपल्याला सगळ्यात जड गेला, असं त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. तेरा गुणांची यादी नवख्याने करू नये, पण एका वेळी एक हा त्याचा हट्ट घेण्यासारखा आहे.

सातवी पायरी: दुसऱ्यांचे डोळे उसने घ्या

वहीची एक मर्यादा आहे: तिच्यात फक्त तुम्हाला दिसलेलं येतं. आणि अधिकार जसा वाढतो तसं तुम्हाला दिसणारं कमी होत जातं, कारण लोक तुमच्यासमोर जपून बोलतात. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवर केलेल्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वरकरणी उलटं काहीतरी आढळलं. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद कमी नव्हती, उलट जास्त होती. त्याचं एक उत्तर असं, की तिथे लोक चुका लपवत नव्हते. तुमच्या टीमकडून गेल्या महिन्यात एकही चूक कानावर आली नसेल, तर खूश होण्याआधी हे आठवा.

विचारण्याची रीत महत्त्वाची. ‘माझं काही चुकतंय का?’ असं हाताखालच्या माणसाला विचारलं तर उत्तर ‘नाही, सर’ किंवा ‘नाही, मॅडम’ हेच येणार. दुसरं काय म्हणणार बिचारा? त्याऐवजी ‘पुढच्या मीटिंगमध्ये मी कोणती एक गोष्ट वेगळी केली तर तुम्हाला बोलणं सोपं जाईल?’ असं विचारा. यात दोष दाखवावा लागत नाही, सूचना करता येते. उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देऊ नका, खरं असलं तरी. लिहून घ्या, आभार माना आणि दोन आठवड्यांनी त्याच माणसाला सांगा की त्याचं काय केलं. जमलं नसेल तर तेही सांगा. दुसऱ्यांदा विचारल्यावर खरं उत्तर मिळेल की नाही, हे तिथे ठरतं.

टीमने मिळून आढावा घ्यायचा असेल तर वरचेच चार प्रश्न चालतात. घटना सांगताना सुरुवात प्रमुखाने स्वतःच्या वाट्यापासून करावी. मत मात्र त्याने सगळ्यात शेवटी द्यावं, नाहीतर बाकीचे त्याचंच मत वेगळ्या शब्दांत सांगतात.

वही मात्र कुणाला वाचून दाखवायची नाही. तिच्यात इतरांबद्दलही लिहिलेलं असतं. म्हणून लिहिताना ही कसोटी लावा: हे पान चुकून त्या व्यक्तीच्या हाती पडलं, तर तिला ‘असं घडलंच नाही’ म्हणता येईल का? घडलेलं तेवढंच लिहिलं असेल, तर फारशी अडचण येत नाही.

बंद पडली तर

पडेलच कधीतरी. आजारपण, प्रवास, कामाचा डोंगर. पुन्हा सुरू करताना मधले दिवस आठवून भरून काढायला जाऊ नका. त्यातलं निम्मं मनाने रचलेलं असेल. ती का बंद पडली यावरही पान खर्च करू नका. मात्र निर्णयांची पानं चाळा, कारण तिथे उघडायची तारीख उलटून गेलेलं एखादं पान असू शकतं. ते आधी तपासा, मग आजची तारीख टाका आणि आज घडलेला एक प्रसंग लिहायला घ्या.